इसापूर ते सहस्रकुंड : पैनगंगेच्या पात्रात पायी आणि होडीने जाताना

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि वाशीम, हिंगोली, नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांतून, बऱ्याच ठिकाणी त्यांच्या सीमा आखीत, पुढे चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीवर वर्धा नदीला मिळते. या लांब प्रवासात हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीच्या वाचकाला सर्वांत जवळचे आणि सर्वांत वेगळे असे तिचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा तालुक्याच्या उत्तरेला इसापूर येथे आहे, जिथे धरणामुळे नदीचे विस्तीर्ण जलाशयात रूपांतर झाले असून त्यातील क्षेत्राला 2014 साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. दुसरा टप्पा खाली नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर सहस्रकुंड येथे आहे, जिथे तीच नदी काळ्या खडकाच्या उतरंडीवरून कोसळते, अरुंद घळईत शिरते आणि पुढे पैनगंगा अभयारण्याच्या जंगलाला वळसा घालते. पहिला टप्पा होडीचा आहे आणि दुसरा पायी चालण्याचा. दोन्हींचे नियम वेगळे असले, तरी त्यांना जोडणारे सूत्र एकच आहे. या नदीवर माणूस उभा असतो तिथल्या आभाळावरून पाण्याचा अंदाज बांधता येत नाही, कारण पाण्याचे निर्णय वरच्या अंगाला होत असतात.

पैनगंगा ही पूर्वी हैदराबाद संस्थान आणि इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड यांच्यामधील हद्द होती, आणि आजही तिचा उजवा काठ बव्हंशी मराठवाड्यात व डावा काठ विदर्भात मोडतो. याचा परिणाम पर्यटकाला पहिल्याच पावलाला जाणवतो. सहस्रकुंडाच्या एका काठावर किनवट तालुक्यातील इस्लापूरचा परिसर, तर समोरच्या काठावर उमरखेड तालुका असल्यामुळे जिल्हाधिकारी, पोलीस ठाणे, वनपरिक्षेत्र आणि आपत्ती व्यवस्थापनाचे नियंत्रण कक्ष हे सारे दोन्ही काठांना वेगवेगळे आहे. एका काठावर मिळालेली परवानगी दुसऱ्या काठावर चालेल असे गृहीत धरू नये. पूर असताना एका जिल्ह्याने धबधब्याकडे जाण्यास बंदी घातली आणि दुसऱ्याने घातली नाही, तरी पाणी दोन्ही काठांवर सारखेच धोक्याचे असते, म्हणून बंदी नसलेल्या काठाने जाऊन ती चुकविण्याचा प्रयत्न करू नये.

अभयारण्य म्हणजे काय, हे येथे नेमके समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेक लोक त्याचा अर्थ प्राण्यांचे उद्यान किंवा सहलीचे ठिकाण असा घेतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये राज्य शासन वन्यप्राणी, त्यांचा अधिवास आणि तेथील वनस्पती यांच्या रक्षणासाठी एखादे क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर करते. अशा क्षेत्रात प्रवेश हा नियम नसून अपवाद असतो. कलम 27 नुसार कर्तव्यावरील सरकारी कर्मचारी, मुख्य वन्यजीव रक्षकांनी राहण्यास परवानगी दिलेली व्यक्ती, हद्दीत स्थावर मालमत्ता असणारे लोक, सार्वजनिक मार्गाने जाणारे प्रवासी आणि यांपैकी काहींवर अवलंबून असलेल्या व्यक्ती यांनाच मुभा असते. इतरांना कलम 28 अन्वये परवाना घ्यावा लागतो आणि तो वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार अशा ठरावीक कारणांसाठीच मिळतो. शिवाय कलम 30 अभयारण्यात आग लावण्यास व पेटता विस्तव सोडून जाण्यास, कलम 31 पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेण्यास आणि कलम 32 वन्यजीवांना घातक ठरणारी रसायने व स्फोटके वापरण्यास मनाई करते. काठावर चूल मांडून जेवण करणाऱ्या मंडळींनी कलम 30 विशेष लक्षात ठेवावे, कारण फेब्रुवारीनंतर सागाच्या वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेली एक ठिणगी वाऱ्यावर क्षणात जंगलभर धावते. इसापूरचे अभयारण्य सुमारे 37.80 चौरस किलोमीटरांचे असून हिंगोली आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. जलाशयाचा कोणता काठ त्याच्या हद्दीत येतो, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, तेव्हा ते वनकर्मचाऱ्याला विचारूनच पुढे जावे.

इसापूर धरण हे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे मुख्य धरण असून त्याची मातीची भिंत सुमारे 57 मीटर उंच आणि चार किलोमीटरांहून अधिक लांब आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे 964 दशलक्ष घनमीटर, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत 964 दलघमी आहे. उपयुक्त साठा म्हणजे कालव्यातून किंवा नदीत सोडता येईल असे पाणी, आणि विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, पातळीखाली जे पाणी उरते तो मृत साठा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात धरण भरत आले की सांडव्याचे दरवाजे उचलून पाणी नदीत सोडले जाते. यालाच विसर्ग म्हणतात आणि तो क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी सुटते या हिशेबात सांगितला जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. यावरून 50,000 क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला 14 लाख लिटरांहून अधिक पाणी, हे वाचकाला सहज काढता येईल. बातमीतील आकडा केवळ आकडा म्हणून न वाचता असा उलगडून वाचला, तर नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा का दिला जातो हे आपोआप कळते. पाटबंधारे विभागाचे पूर नियंत्रण कक्ष आणि जिल्हा प्रशासन विसर्गापूर्वी गावोगाव सूचना देतात. सहलीला आलेल्या माणसापर्यंत त्या पोहोचतीलच असे नसल्याने, निघण्याच्या आदल्या दिवशी आणि निघताना अशी दोनदा विसर्गाची चौकशी करणे हे त्याचे स्वतःचे काम आहे.

मात्र इसापूरचे दरवाजे बंद आहेत, म्हणून सहस्रकुंड निर्धोक आहे असा निष्कर्ष काढणे ही या भागातील सर्वांत घातक समजूत आहे. इसापूर आणि सहस्रकुंड यांच्या दरम्यान कयाधू नदी पैनगंगेला मिळते. ही नदी वाशीम जिल्ह्यातून येऊन हिंगोली शहराजवळून आणि कळमनुरी तालुक्यातून वाहते, आणि तिच्यावर इसापूरसारखे पूर अडविणारे मोठे धरण नाही. सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी परिसरात रात्री जोराचा पाऊस झाला, तर ते पाणी कोणी दरवाजा न उचलता, कोणता भोंगा न वाजता खाली येते. सहस्रकुंडावर त्या वेळी लख्ख ऊन असू शकते. कळमनुरीहून जाणाऱ्याला येथे एक सोय अशी आहे की कयाधूचे पात्र त्याच्या घराजवळच आहे. ते दुथडी भरून वाहत असेल, तर त्या दिवशी सहस्रकुंडाचा बेत रद्द करावा किंवा धबधबा केवळ कठड्याच्या आतून पाहावा. हा संकेत कोणत्याही मोबाइलवरच्या हवामान अंदाजापेक्षा अधिक भरवशाचा आहे.

सहस्रकुंड येथील खडक दख्खनच्या पठारावरील लाव्हापासून बनलेला काळा बेसाल्ट आहे. ऊन पडले की त्याला धातूसारखी चकाकी येते, आणि नदी त्यावरून एका धारेत न पडता अनेक धारांनी फुटून कोसळते. परशुरामाने बाण मारल्यामुळे सहस्र धारा निघाल्या, अशी कथा या भागात सांगितली जाते, आणि काठावर महादेवाचे मंदिर असल्यामुळे श्रावणात, तसेच महाशिवरात्रीला येथे भाविकांची गर्दी होते. पूर ओसरल्यावर हाच खडक उघडा पडतो आणि त्याची खरी रचना दिसू लागते. त्यात जागोजागी रांजणासारखे गोल, गुळगुळीत खड्डे कोरले गेलेले दिसतात, त्यांना रांजणखळगे म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत, त्याच जातीचे हे काम आहे. खडकातील एखाद्या फटीत किंवा खोलगटात गोटे अडकतात, भोवऱ्याच्या पाण्याने ते गरगर फिरत राहतात आणि हजारो पावसाळ्यांत खालचा खडक घासून खड्डा खोल करतात. यामुळे खळग्याचे तोंड लहान आणि आतला भाग रुंद असा प्रकार अनेकदा घडतो. फेसाळ पाण्याखाली असा खळगा दिसत नाही, त्यात पाय गेला तर आतल्या गुळगुळीत भिंतीला हाताची पकड बसत नाही, आणि भोवरा माणसाला वर येऊ देत नाही. पोहणे येते या भरवशावर अशा पात्रात उतरणे म्हणूनच निरर्थक आहे. येथे पोहण्याचे कौशल्य फारसे कामी येतच नाही.

पात्रात उतरण्यास मनाई नसेल अशा कोरड्या दिवसांत, साधारणपणे डिसेंबरनंतर, खडकावरून चालणाऱ्याने काही गोष्टी सवयीच्या करून घ्याव्यात. ओलसर हिरवट दिसणारा प्रत्येक दगड शेवाळलेला मानावा आणि त्यावर पाय न ठेवता कोरड्या, खरखरीत पृष्ठभागावरून जावे. रबरी तळाचे, मागून बांधलेले बूट किंवा सँडल घालावेत, चपला घालू नयेत. पाण्याच्या अगदी कडेला एक ओळखीचा गोटा निवडून पाणी त्याच्या कुठवर आले आहे हे पोहोचताच पाहून ठेवावे आणि मधूनमधून पुन्हा पाहावे. तो गोटा भिजू लागला, स्वच्छ पाणी गढूळ झाले, काडीकचरा आणि पाने वाहत येऊ लागली किंवा पाण्याचा आवाज जड झाला, तर सामान गोळा करण्यात वेळ न घालवता तत्काळ उंचवट्यावर जावे. पात्राच्या मधोमध असलेल्या खडकांवर बसणाऱ्यांचा परतीचा मार्ग सर्वांत आधी तुटतो, कारण पाणी वाढताना ते कडेच्या सखल चरांतून आधी वाहू लागते. वेगाने वाहणारे गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते, त्यामुळे असा चर ओलांडून काठाकडे येण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा खडकाच्या सर्वांत उंच भागावर थांबून मदत मागणे शहाणपणाचे आहे.

घळईच्या कपारींतील आणि काठच्या उंच झाडांवरील आग्या मोहोळ हा पाण्याइतकाच गंभीर, परंतु क्वचितच लक्षात घेतला जाणारा धोका आहे. आग्या माश्या आपले मोठे, उघडे पोळे कड्याच्या पुढे आलेल्या खडकाखाली किंवा उंच फांदीला टांगतात आणि धूर, उग्र अत्तर, पोळ्यावर पडलेला दगड किंवा जवळून गेलेला ड्रोन यांपैकी कशानेही उठतात. माश्या उठल्या तर हात झटकीत उभे न राहता डोके व चेहरा कपड्याने झाकून पोळ्यापासून शक्य तितके लांब पळावे आणि बंद गाडीत किंवा खोलीत शिरावे. पाण्यात उडी मारू नये, कारण माश्या वर घोंगावत राहतात आणि माणूस बुडण्याचा धोका वाढतो. अंगात रुतलेला काटा चिमटीत धरून ओढल्यास विषाची पिशवी दाबली जाते, तेव्हा तो नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून लगेच काढावा. धाप लागणे, ओठ किंवा घसा सुजणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

सहस्रकुंडाच्या पुढे यवतमाळच्या बाजूला पैनगंगा अभयारण्याचे जंगल लागते. उमरखेड तालुक्यातील या मुलखाला स्थानिक लोक बंदीभाग म्हणतात. सागाचे हे पानझडी जंगल बिबट्या, अस्वल, रोही, चितळ आणि रानडुकरांचे घर आहे. येथे पायी फिरणे केवळ वन विभागाच्या परवानगीने, ठरवून दिलेल्या वाटेने आणि स्थानिक वाटाड्यासोबतच करावे. मार्च आणि एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात, त्या दिवसांत पहाटे आणि सायंकाळी मोहाच्या झाडाखाली जाणे टाळावे, कारण त्याच वेळी अस्वले फुले खायला येतात आणि अचानक समोरासमोर गाठ पडली तर अस्वल हल्ला करते. आंध, कोलाम आणि गोंड समाजाच्या लोकांचे या जंगलाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. त्यांच्यापैकी कोणी एखादी वाट आज नको असे सांगितले, तर त्यावर वाद न घालता ती वाट सोडावी.

जलाशयावरील होडीच्या सफरीचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे की इसापूरचे पाणी एकाच वेळी सिंचनाचे, पिण्याचे, मासेमारीचे आणि अभयारण्याचे आहे. त्यामुळे अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाची आणि जलाशयासाठी जलसंपदा विभागाची अशा दोन्ही परवानग्या असल्याशिवाय होडीत बसू नये. मासेमारीची होडी ही दोन-तीन माणसे आणि जाळे यांच्या वजनासाठी बांधलेली असते, तिच्यात आठ-दहा प्रवासी बसले की तिची कड पाण्यापासून चार बोटांवर येते आणि एकाने छायाचित्रासाठी उभे राहणे पुरेसे ठरते. थर्माकोलचे तराफे तर प्रवाशांसाठी मुळीच नाहीत. देशात लागू असलेला अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 प्रवासी नौकांची नोंदणी आणि सुरक्षिततेची साधने यांविषयी तरतुदी करतो, म्हणून नौकेवर क्षमतेचा आकडा लिहिलेला आहे का आणि प्रत्येकासाठी अंगाला बसणारे जीवरक्षक जाकीट आहे का, हे पाहण्याचा प्रवाशाला पूर्ण हक्क आहे. जाकीट हाताशी ठेवून काही उपयोग नाही; ते घालून सर्व पट्टे आवळलेले असले पाहिजेत, आणि लहान मुलांना मोठ्यांचे जाकीट चालत नाही, कारण पाण्यात पडताच ते डोक्यावरून निघून जाते. मध्य प्रदेशात भेडाघाट येथे नर्मदेच्या संगमरवरी घळईतील नौकाविहार पावसाळ्यात बंद ठेवला जातो. इसापूरच्या जलाशयावरही पाणी चढत असताना व वारा सुटलेला असताना तीच शिस्त पाळावी. दुपारनंतर उघड्या जलाशयावर वाऱ्याने लाटा उठतात, म्हणून फेरी सकाळी लवकर घ्यावी. धरणाची भिंत, सांडवा आणि कालव्याचे विमोचक यांच्या जवळ कोणत्याही कारणाने जाऊ नये. पाण्याची पातळी उतरत असताना बुडीत क्षेत्रातील झाडांचे खुंट पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर लपलेले असतात, त्यासाठी त्या भागाची माहिती असलेला नावाडीच हवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पक्षिनिरीक्षणाचा मुख्य काळ. मराठवाड्यातील मोठ्या जलाशयांवर या दिवसांत पट्टकादंब, चक्रवाक आणि तलवार बदक असे हिमालयापलीकडून आलेले पाहुणे उतरतात, तर चित्रबलाक, मुग्धबलाक आणि धनवर बदक हे इथलेच पक्षी उथळ काठांवर दिसतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दिवसभर खाऊन आणि विसावून परतीच्या प्रवासाची चरबी साठवायची असते, त्यामुळे थवा उडवून त्याचे छायाचित्र घेणे म्हणजे त्या साठ्यातूनच उधळपट्टी करणे होय. किती अंतर पुरेसे आहे, याचा निर्णय पक्षीच देतात. चरणाऱ्या थव्याने खाणे थांबवून माना उंच केल्या की होडी तेथेच थांबवावी, आणि थवा होडीच्या विरुद्ध दिशेला सरकू लागला की माघारी फिरावे. इंजिन बंद करून वल्ह्याने गेल्यास हे अंतर बरेच कमी होते.

याहून नाजूक काळ फेब्रुवारी ते मे असा आहे आणि त्याविषयी फार थोडे लिहिले जाते. पाणी उतरू लागले की जलाशयात मातीची व मुरमाची बेटे उघडी पडतात, आणि नदी सुरय व टिटवी असे पक्षी त्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. नदी सुरयाचे घरटे म्हणजे वाळूत केलेला एक उथळ खोलगा, त्यात गवताची काडीसुद्धा नसते. अंडी मातकट रंगाची, तपकिरी ठिपक्यांची असून आजूबाजूच्या खड्यांत इतकी मिसळून जातात की दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही ती दिसत नाहीत. माणूस बेटावर उतरला की मादी उडून वर घिरट्या घालते, आणि तेवढ्या वेळात उन्हाने तापलेल्या वाळूवर अंडी उघडी राहून आतील जीव होरपळतो, किंवा कावळा ती पळवतो. पायाखाली एकही अंडे न येता बेटावरची संपूर्ण वीण अशी नासू शकते. पाण्याबाहेर आलेल्या बेटावर होडी लावून जेवणाचा डबा उघडण्याचा मोह होतो, पण या चार महिन्यांत कोणत्याही बेटावर उतरू नये. डोक्यावर पक्षी कर्कश ओरडत घिरट्या घालू लागले, तर आपण त्यांच्या अंड्यांच्या जवळ आहोत असे समजून आल्या पावली, आपल्याच पाऊलखुणांवरून परत फिरावे.

कळमनुरीहून इसापूरला शेंबाळपिंपरी-पुसदच्या दिशेने जावे लागते. सहस्रकुंडासाठी आखाडा बाळापूर, वारंगा फाटा आणि हदगावमार्गे जाता येते, किंवा मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरील सहस्रकुंड स्थानकावर उतरता येते. पिण्याचे पाणी, टोपी, शिटी, दोरी आणि प्रथमोपचाराची पेटी एवढे सामान पुरते. उरलेले अन्न आणि प्लास्टिक दोन्ही परत न्यावे. रात्रीचा मुक्काम अभयारण्याच्या हद्दीत करू नये.

निघण्यापूर्वी कोठे जाणार, कोणत्या काठाने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरच्या माणसाला लिहून द्यावे, कारण घळईत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. साप चावल्यास जखम कापू वा चोखू नये, आवळपट्टी बांधू नये, चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला थेट सर्पदंशावरील प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. कळमनुरीला उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी 108, कोणत्याही आणीबाणीत पोलीस मदतीसाठी 112 आणि जंगलात वणवा, शिकार किंवा जखमी प्राणी आढळल्यास वन विभागाचा 1926 हे क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावेत. परतताना प्रवेशाच्या वेळी नाव लिहून घेतलेल्या वनकर्मचाऱ्याकडे आपण सुखरूप बाहेर पडल्याची नोंद करूनच गाडी सुरू करावी, म्हणजे अंधार पडल्यावर त्याला आपल्या शोधात नदीकडे जावे लागणार नाही.